प्रिन्सचा उजवा हात

२००३ साली 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी नियतकालिकाने शंभर थोर गिटारवादकांची यादी छापली. डेव्हिड फ्रिक या त्यांच्याच समीक्षकाने ती केली होती. पहिला जिमी हेंड्रिक्स, तिसरा बी. बी. किंग, बारावा कर्ट कोबेन. मिनिआपोलिसचा गायक आणि संगीतकार प्रिन्स त्या शंभरात कुठेच नव्हता.

पुढच्याच वर्षी, १५ मार्च २००४ ला, न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'चा सोहळा झाला. 'बीटल्स'च्या जॉर्ज हॅरिसनला मरणोत्तर मान मिळाला, त्याच रात्री प्रिन्सलाही मिळाला. हॅरिसनचं 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' हे गाणं टॉम पेटी, जेफ लिन, स्टीव्ह विनवुड यांनी सादर केलं. सोबत हॅरिसनचा मुलगा धनी होता. (त्याच्या नावात आपल्या सप्तकातले ध आणि नी आहेत, हॅरिसनने ते तसंच ठेवलं होतं.) गाण्याच्या शेवटी लाल टोपी घातलेला प्रिन्स पुढे आला आणि जवळपास तीन मिनिटं वाजवत राहिला. वाजवता वाजवता तो पाठीमागे मंचाखाली झुकला, खालच्या माणसाने त्याला तोलून धरलं, धनीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. मग त्याने गिटार वर भिरकावली आणि तो चालता झाला.

तेव्हापासून ही गोष्ट एकाच पद्धतीने सांगितली जाते. यादीवाल्यांना उत्तर मिळालं, गायक म्हणून ओळखला जाणारा हा माणूस खरा गिटारवादकही आहे हे त्या तीन मिनिटांनी सिद्ध केलं. प्रिन्सच्या गिटारबद्दल बोलायला लागलं की कुणीतरी त्या व्हिडिओची लिंक पाठवतंच. मलाही तो व्हिडिओ अतिशय आवडतो. पण त्याला पुरावा मानायला माझा विरोध आहे. ज्या मोजपट्टीने २००३ मध्ये प्रिन्सला यादीबाहेर ठेवलं, तीच मोजपट्टी वापरून आपण २००४ च्या त्या तीन मिनिटांसाठी त्याला आत घेतो. एकट्याने पुढे येऊन, उंच सुरांवर, वेगाने जो वाजवतो तो गिटारवादक, ही ती मोजपट्टी. प्रिन्सची खरी करामत तिच्यात मावत नाही, कारण ती डाव्या हाताच्या धावण्यात फार कमी आणि उजव्या हाताच्या मनगटात फार जास्त आहे.

गिटार न वाजवणाऱ्यांसाठी हे जरा उलगडून सांगायला हवं. फंक या प्रकारात गिटार गात नाही, ठेका धरते. एका मात्रेचे चार भाग करायचे. मनगट त्या चारही भागांवर वरखाली होत राहतं, तारांना लागो वा न लागो, थांबत नाही. डावा हात कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, दाबतो आणि लगेच सैल सोडतो. बोटं तारांवरून उठत नाहीत, फक्त दाब जातो, आणि मग तार सूर देण्याऐवजी 'चिक्' असा कोरडा आवाज देते. तबल्यात जसे खुले बोल आणि बंद बोल असतात, तसंच हे. कुठला आघात खुला, कुठला बंद, आणि कुठे हात नुसताच हवेतून गेला, यातून गाण्याची चाल ठरते. जेम्स ब्राउनच्या बँडमधल्या जिमी नोलनने साठच्या दशकात ही पद्धत घडवली, 'शीक' या बँडच्या नाइल रॉजर्सने सत्तरच्या दशकात ती नाचाच्या मजल्यावर आणली. प्रिन्स या दोघांचा वारस आहे. मी तर म्हणेन की त्या दोघांइतकाच पक्का.

मी कॉलेजात असताना पुण्यात आमच्या बँडमध्ये ऱ्हिदम गिटार वाजवायचे. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेनंतर परीक्षकांनी विचारलं, "तुमच्यात गिटार कोण वाजवतं?" सगळ्यांनी लीड, म्हणजे पुढे येऊन सूर वाजवणाऱ्या, मुलाकडे बोट दाखवलं. माझ्या गळ्यात गिटार तशीच लटकत होती. मीसुद्धा त्याच्याकडेच बोट दाखवलं. त्यानंतर कित्येक महिने मी प्रिन्सच्या 'किस' या गाण्यातली गिटार बसवायच्या मागे होते. कॉर्ड दोन दिवसांत आल्या. मनगट आलं नाही. मेट्रोनोम लावला की दोन मिनिटांत कोपरापासून हात भरून यायचा, आणि रेकॉर्ड केलेलं ऐकलं की कळायचं, प्रत्येक चौथा आघात केसभर आधी पडतोय. प्रिन्सचा आघात आधी पडत नाही आणि उशिराही पडत नाही. तो जिथे पडतो तिथेच पडायला हवा होता असं वाटतं. याला अवघड म्हणायचं नाही तर मग कशाला?

आणि हे सगळं करताना तो गात असतो. या एका गोष्टीचा विचार गिटारवाल्यांच्या चर्चेत जवळजवळ होतच नाही. जात्यावरच्या ओवीत गळा आणि हात एकाच फेऱ्यात फिरतात, दोघांचा श्वास एक असतो. इथे हाताचा फेरा वेगळा आणि गळ्याचा वेगळा. हात मात्रेचे चार तुकडे करत असतो, गळा मात्रा चुकवून मागून येत असतो, मधेच वरच्या पट्टीत जातो, मधेच बोलतो, किंचाळतो. त्यात पायही नाचत असतात. ४ फेब्रुवारी २००७ ला मायामीत सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात भर पावसात, ओल्या मंचावर त्याने हेच केलं. त्या कार्यक्रमाबद्दल बोलताना लोक पावसाबद्दल बोलतात. ओल्या बोटांनी तारा बंद करणं आणि खुल्या करणं काय असतं, हे वाजवणाऱ्याला विचारा.

गायकाच्या हातातली गिटार म्हणजे शोभेची वस्तू, हा समज फार जुना आहे. त्याचा फटका प्रिन्सला एकट्यालाच बसला असंही नाही. २००३ च्या त्या यादीत शंभर जणांत फक्त दोन स्त्रिया होत्या, जोनी मिचेल बहात्तरावी आणि जोन जेट सत्त्याऐंशीवी. लहानपणी पोलिओ झाल्याने मिचेलच्या डाव्या हातात जोर कमी होता, म्हणून तिने तारा वेगळ्याच पद्धतीने लावायला सुरुवात केली आणि त्यातून अशा कॉर्ड काढल्या ज्या कुणाच्या पुस्तकात नव्हत्या. तरी ती कायम 'गायिका, गीतकार' राहिली. प्रिन्स तिचा निस्सीम चाहता होता, आणि मला यात नवल वाटत नाही. एका गाणाऱ्या वादकाने दुसरीला बरोबर ओळखलं होतं.

आता रंगाचा प्रश्न. प्रिन्स काळा होता म्हणून वगळला गेला, असं सरळ म्हणता येणार नाही. यादीच्या पहिल्या सहांत हेंड्रिक्स, बी. बी. किंग, रॉबर्ट जॉन्सन आणि चक बेरी असे चार काळे वादक होते. पण नीट पाहिलं तर त्यांना तिथे कुठल्या नात्याने बसवलंय ते दिसतं. ब्लूजचे आणि रॉक अँड रोलचे पूर्वज म्हणून, किंवा हेंड्रिक्ससारखा एकमेव चमत्कार म्हणून. काळ्या वादकासाठी रॉकच्या घरात देव्हाऱ्यात जागा होती, दिवाणखान्यात नव्हती. त्याच काळातला, उंच टाचांचे बूट घालून नाचणारा, बायकी आवाजात गाणारा, फंक वाजवणारा माणूस कुठल्या खणात ठेवायचा हे त्यांना समजत नव्हतं. प्रेक्षकांनाही समजलं नव्हतं. ऑक्टोबर १९८१ मध्ये लॉस एंजेलिसला रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमाआधी तो मंचावर आला तेव्हा रॉकच्या त्या गर्दीने त्याची हुर्यो उडवली, वस्तू फेकून मारल्या. पहिल्या दिवशी तो उठून घरी परत गेला होता, मग समजूत घातल्यावर दुसऱ्या कार्यक्रमाला आला.

आणि ज्यांनी त्याला गिटारवादक मानलं, त्यांनीही लगेच 'दुसरा हेंड्रिक्स' म्हणून मोकळं केलं. १९८५ च्या एका मुलाखतीत त्याने यावर स्वच्छ उत्तर दिलं होतं. आम्हा दोघांचा रंग एक आहे एवढ्यावरूनच ही तुलना होते, नीट ऐकलंत तर माझ्यात हेंड्रिक्सपेक्षा गिटारवादक कार्लोस सान्तानाचा प्रभाव जास्त सापडेल, असा त्याचा रोख होता. मी त्यानंतर मुद्दाम त्या कानाने ऐकलं. 'पर्पल रेन' या गाण्याच्या शेवटच्या लांब सोलोमध्ये, म्हणजे एकट्या गिटारच्या वादनात, एकेक सूर धरून ठेवणं, तो वाक्यासारखा पूर्ण करणं, एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा म्हणणं आणि दर खेपेला तिला थोडं जास्त ओढणं, हे सगळं सान्तानाकडे जाणारं आहे. म्हणजे त्याच्या सोलोतही गायकच बोलतो.

पण त्याच्या समजेचा सगळ्यात मोठा पुरावा मला भलतीकडेच सापडतो. त्याने काय वाजवलं नाही, त्यात. १९७८ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि त्या अल्बमवर त्याने वाजवलेली सत्तावीस वाद्यं नोंदवलेली आहेत. सगळं एकट्याने करण्याची कुवतही होती आणि हौसही. असा माणूस 'लिटल रेड कॉर्व्हेट'मधला गिटारचा सोलो आपल्या बँडमधल्या डेझ डिकरसनला देतो. ८० च्या दशकाच्या सुरुवातीला काळ्या कलाकारांची गाणी एमटीव्हीवर अगदी मोजकी दिसत, त्यांतलं हे एक. रॉकच्या श्रोत्यांपर्यंत ते पोचलं आणि त्यातला गाजलेला सोलो प्रिन्सचा नव्हता. पुढे ३ ऑगस्ट १९८३ ला मिनिआपोलिसच्या 'फर्स्ट अव्हेन्यू' या क्लबात, मिनेसोटा डान्स थिएटरच्या मदतीसाठी ठेवलेल्या कार्यक्रमात, 'पर्पल रेन' पहिल्यांदा लोकांपुढे वाजलं. अल्बमवर आपण ऐकतो ते मुळात त्याच रात्रीचं रेकॉर्डिंग. त्याच्या सुरुवातीच्या त्या विस्तीर्ण, पाण्यावर तरंग उठावेत तशा कॉर्ड वाजवल्या आहेत वेंडी मेल्व्हॉइनने. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि बँडबरोबर तिचा तो पहिलाच कार्यक्रम. जगात ज्या कॉर्ड कानावर पडताच लोक 'प्रिन्स' म्हणतात, त्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातातल्या आहेत.

मला विचाराल तर हे गिटारवादकाचंच कौशल्य आहे. कुठला आवाज कुणाच्या हातून यायला हवा हे ओळखणं, आणि स्वतःला येत असूनही बाजूला होणं. 'व्हेन डव्ज क्राय'च्या सुरुवातीला काही सेकंद गिटार अशी कडाडते की आता हा तुफान वाजवणार असं वाटतं. मग ती गप्प होते, आणि पूर्ण गाण्यात बेस गिटार नाहीच. 'किस'मधूनही त्याने बेस काढून टाकला, आणि ती बारीक, कोरडी गिटार जवळजवळ उघड्यावर ठेवली. रेकॉर्ड कंपनीतल्या लोकांना ते गाणं कच्चं वाटलं होतं. १९८६ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. गिटारवादकांच्या याद्या करणाऱ्यांकडे या मोकळ्या जागांसाठी रकाना नाही.

त्याच्या गिटारींबद्दलही असंच होतं. लोकांना ढगाच्या आकाराची पांढरी गिटार आठवते, किंवा पुढे त्याने नावाऐवजी जे चिन्ह घेतलं त्या आकाराची, जर्मन कारागीर जेरी ऑअर्सवॉल्डने बनवलेली. पण आयुष्यभर त्याने ज्या गिटारवर सगळ्यात जास्त भरवसा ठेवला, ती दिसायला साधी होती. होनर म्हणजे आपल्याकडे माउथ ऑर्गन. त्याच होनरच्या नावाने सत्तरच्या दशकात विकली गेलेली, जपानात बनलेली, फेंडर कंपनीच्या टेलिकास्टर या गिटारच्या बांध्याची 'मॅडकॅट'. मधोमध अक्रोडाच्या लाकडाची गडद पट्टी, तारांखाली बिबट्याच्या कातड्यासारखी ठिपक्यांची पट्टी, म्हणजे पिकगार्ड. २००४ च्या त्या रात्री त्याच्या हातात तीच होती. तिचा आवाज उजळ आणि धारदार, आघात पडला की लगेच कळतो आणि थांबवला की लगेच थांबतो. उजव्या हाताने वाजवणारा माणूस नेमकी अशीच गिटार निवडेल. मोठमोठ्या नामांकित गिटारी सहज परवडत असताना तो जपानी टेलिकास्टरकडे परत परत का येत होता, याचं उत्तर त्या आवाजात आहे.

ढगाची गिटार १९८३ मध्ये 'पर्पल रेन' चित्रपटासाठी बनली. मिनिआपोलिसच्या एका वाद्यांच्या दुकानात काम करणाऱ्या डेव्ह रुसानने ती घडवली. प्रिन्सकडे आधी एक बेस होता, त्याच्या आकारावरून. सूचना मोजक्याच होत्या: पांढरी हवी, सोनेरी भाग हवेत, पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारे भाग, ईएमजी कंपनीचे हवेत. चित्रपटात शोभेची वस्तू वाटणारी ही गिटार पुढे वर्षानुवर्षं दौऱ्यांवर कामाला जुंपली गेली. मोडली, दुरुस्त झाली, दर दौऱ्यागणिक रंग बदलत राहिली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९९३ पासून त्याची एक पिवळी ढग-गिटार आहे. अनेक वर्षं ती नंतर बनवलेली म्हणून ओळखली जात होती. पुढे तपासणीत पिवळ्या रंगाखालचे जुने थर सापडले आणि ती चित्रपटातली पहिली गिटार असल्याचं निष्पन्न झालं. मला ही गोष्ट फार प्रिय आहे. ज्या वस्तूला लोक देवाच्या जागी ठेवू पाहत होते, तिला त्याने घरातल्या कपाटासारखा पुन्हा पुन्हा रंग मारून घेतला होता.

त्याच्या निष्काळजीपणाचं समर्थन मी करणार नाही. २०१३ मध्ये जिमी फॅलनच्या कार्यक्रमात त्याने 'द रूट्स'च्या कर्क डग्लसची १९६१ सालची एपिफोन क्रेस्टवुड गिटार उसनी घेतली, आणि गाणं संपताना ती भिरकावून फोडली. स्वतःची गिटार हवेत फेकणं वेगळं. दुसऱ्याची, तीही ५० वर्षं जपलेली, फेकणं ही चूकच. त्याचा मोठेपणा मला इतका स्पष्ट दिसत असतानाही मी ते दृश्य दुसऱ्यांदा पाहू शकले नाही.

जून २०२० मध्ये त्याची एक निळी ढग-गिटार लिलावात साडेपाच लाख डॉलरच्या वर गेली. त्याच लिलावात कर्ट कोबेनची मार्टिन डी-१८ई गिटार, १९९३ च्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमातली, ६० लाख डॉलरला विकली गेली. कोबेनबद्दल मला आदर आहे आणि तोही गाणारा वादक होता. पण हे आकडे वादनाचे नाहीत, आठवणींचे आहेत. कोण किती थोर हे ठरवायला लिलाव वापरायचा तर मग यादीही बरी.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की याद्या म्हणजे मनोरंजन, त्या कशाला मनावर घ्यायच्या. मनावर घेते कारण मुलं त्यावरून शिकतात. आज आपल्या शहरांत गिटार शिकायला जाणारा मुलगा किंवा मुलगी आधी चार कॉर्ड शिकते आणि लगेच लीडच्या मागे लागते. मोबाइलवरच्या ३० सेकंदांच्या व्हिडिओत डावा हात फ्रेटबोर्डवर धावताना दिसतो, उजवा हात बऱ्याचदा चौकटीबाहेर कापलेला असतो. मनगट तयार न होता बोटं तयार होतात. मग अशी चार मुलं एकत्र येऊन बँड करतात तेव्हा ठेका धरणारं कुणीच नसतं, चौघेही आपल्या वळणाची वाट बघत उभे असतात. आपल्याकडे शास्त्रीय मैफलीतही टाळ्या तानेला आणि तिहाईला पडतात, पण निदान 'संगत' हा शब्द आपल्याकडे आहे आणि उत्तम संगत करणाऱ्याला नावाने ओळखायची रीत आहे. रॉकच्या जगाने 'ऱ्हिदम' हा शब्द दुय्यम करून टाकला.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ठेका कुणालाही शिकता येतो, पण हृदयाला हात घालणारा सोलो प्रतिभेशिवाय होत नाही, असं माझे काही मित्र म्हणतात. मी त्यांना एवढंच सांगते की एकदा करून बघा. सोलोमध्ये चूक झाली तर ती शैली म्हणून खपते. ठेक्यात चूक झाली तर पूर्ण मंच लंगडतो, आणि का लंगडतोय हे श्रोत्याला सांगताही येत नाही. ज्या कामातलं अपयश लगेच जाणवतं आणि यश कुणाच्या लक्षात येत नाही, त्या कामाला प्रतिभा लागत नाही असं मानणं हा सरळ अन्याय आहे.

मोजपट्टी थोडी सरकली आहे, हे मान्य करायला हवं. 'रोलिंग स्टोन'च्याच २०११ च्या यादीत प्रिन्स तेहतिसावा होता, २०२३ च्या अडीचशे जणांच्या यादीत चौदावा. मला त्याच्या चौदाव्या क्रमांकापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांचा आनंद जास्त झाला. जिमी नोलन बारावा, जोनी मिचेल नववी, नाइल रॉजर्स सातवा. आयुष्यभर दुसऱ्याच्या पाठीशी 'चिक् चिक्' करत उभा राहिलेला नोलन कोबेनच्या जुन्या जागेवर आला, याचा अर्थ कुणीतरी उजव्या हाताकडे बघायला लागलंय.

२००४ च्या त्या कार्यक्रमाचा दिग्दर्शक जोएल गॅलन याने २०२१ मध्ये ते चित्रण पुन्हा संपादित करून प्रसिद्ध केलं. त्यात प्रिन्सची जवळून घेतलेली दृश्यं वाढवली, आणि ती सगळी अर्थातच सोलोमधली. आता तो व्हिडिओ लावाल तेव्हा एवढं करा, सोलोपर्यंत पुढे ढकलू नका. पहिली तीन-साडेतीन मिनिटं टॉम पेटी आणि जेफ लिन गातात, मूळ रेकॉर्डवरचा एरिक क्लॅप्टनचा सोलो मार्क मान हा वादक निगुतीने वाजवतो, आणि कॅमेरा त्यांच्यावरच असतो. मंचाच्या कडेला, अंधारात, लाल टोपी दिसते. प्रिन्स तिथे उभा आहे, गाणं दुसऱ्यांचं आहे, त्याच्याकडे कुणी बघत नाहीये. त्याचं उजवं मनगट चालू आहे.